बीटल घ्यायचीय? आधी मागची सीट उचला

ठाण्यात पाचपाखाडीच्या आमच्या गल्लीतून गाडी बाहेर काढली की पहिल्या वळणावर कुणीतरी ओरडतंच, "हर्बी!" हर्बी म्हणजे 'द लव्ह बग' सिनेमातली ५३ नंबरची पांढरी बीटल. माझी गाडी आता निळी आहे, तरीसुद्धा. पूर्वी मी थांबून समजावत बसायचो. बायकोने ते बंद केलं, आता नुसता हात करतो. पण फोक्सवॅगनची जुनी बीटल बघायला निघालेल्यांना मात्र चार गोष्टी सांगतोच, कारण मी स्वतः भुललो होतो.

वाशीच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती उभी होती. पांढरी, मधोमध लाल-निळे पट्टे, दारावर गोलात ५३, छताला कापडी सनरूफ. मालक म्हणाला, "त्रेसष्टची, सिनेमावाली." आरसी बुकात १९६५ होतं. "ते नोंदणीचं साल हो," म्हणून त्याने झटकलं, आणि मी मान डोलावली.

तुम्ही डोलवू नका. मागच्या सीटची गादी उचला. खाली मधल्या उंचवट्यावर चेसिस नंबर पंच केलेला असतो. १९६३ च्या मॉडेलचा नंबर सात आकडी. माझा निघाला नऊ आकडी, सुरुवात ११५. यातला ११ म्हणजे गाडीचा प्रकार आणि ५ म्हणजे १९६५ चं मॉडेल. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष तेव्हा ऑगस्टमध्ये बदलायचं, त्यामुळे माझी गाडी ऑगस्ट १९६४ ते जुलै १९६५ मधली. नंबर बघायचाही कंटाळा असेल तर काचा बघा: १९६५ च्या मॉडेलपासून त्या मोठ्या झाल्या.

सीट उचललेलीच आहे, तर उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे बॅटरी असते. तिचं अ‍ॅसिड गळून खालचा पत्रा सडतो. माझ्या गाडीत बॅटरी एका प्लायवूडच्या तुकड्यावर ठेवलेली होती. तुकडा सरकवला तर खाली पार्किंगची फरशी दिसली. तरीही मी गाडी घेतली, हे सांगताना आजही लाज वाटते. आणखी एक, सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकून आग लागू शकते, म्हणून वर झाकण हवंच.

आता सनरूफ. 'द लव्ह बग' (१९६८) मधली हर्बी १९६३ च्या मॉडेलची, पर्ल व्हाइट रंगाची. कापडी छप्पर मिळण्याचं ते शेवटचं वर्ष. १९६४ च्या मॉडेलपासून हँडल फिरवून सरकवायचं पत्र्याचं सनरूफ आलं. मग माझ्या पासष्टच्या गाडीला कापड कुठून आलं? कुणीतरी चांगलं अखंड छप्पर कापून बसवलं होतं, हर्बी दिसावी म्हणून. ठाण्याच्या जुलैत त्याचं काय होणार? गाडीत पाणी साठायचं, ते दोन्ही बाजूंच्या हीटर चॅनलमध्ये उतरायचं. फूटबोर्डाच्या आतली ही पोकळ पट्टी म्हणजे गाडीचा कणा. तिथे अंगठ्याने दाबून बघा, पेनाने टोचून बघा. चॅनल बदलायचे तर बॉडी उचलावी लागते आणि डेंटरचं बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं.

दोन कोटी पंधरा लाखांवर बीटल बनल्या, शेवटची २००३ मध्ये मेक्सिकोत. लोकांना आठवते ती एकच. गंमत म्हणजे त्या पहिल्या चित्रपटात गाडीवर कंपनीचं चिन्हसुद्धा ठेवलं नव्हतं.

मूळ रंग शोधायचा तर बोनेट उघडून टाकीजवळचं पुठ्ठ्याचं अस्तर काढा, डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारा. रंगवणारा तिथवर सहसा जात नाही. मला तिथे बहामा निळा सापडला. त्या रात्री मी जेवताना त्याच्याचबद्दल बोलत होतो म्हणे.

फ्रिजवरचं चुंबक खिशात ठेवा आणि दारं, मडगार्ड, बोनेटवरून फिरवा. जिथे पकडत नाही तिथे पुट्टी आहे.

इंजिन मागे, हवेने थंड होणारं. बंद असताना खालची पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकला. हाताला खटका जाणवला तर सौदा सोडा किंवा किंमत निम्मी करा. पंखा डायनमोच्याच (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) शाफ्टवर असतो आणि दोन्ही एका पट्ट्यावर फिरतात, त्यामुळे पट्टा तुटला की थंडावाही गेला. मला घणसोलीला लाल दिवा दिसला. वाटलं चार्जिंगचं असेल, ठाण्यात जाऊन बघू. रबाळ्यापर्यंत जळका वास यायला लागला. तेव्हा लाल दिवा लागला की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. जादा पट्टा आणि पाना गाडीत हवाच. तेल अडीच लिटर, फिल्टर नाही, नुसती जाळी. म्हणून पाच हजार किलोमीटरच्या आत बदला. टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्हची फट) इंजिन गार असतानाच सेट करा. गरम इंजिनावर करून देणारा मेस्त्री भेटला तर दुसरा शोधा.

कागदांचं थोडक्यात: ५० वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला फी २०,००० रुपये. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला नाही. कापलेल्या छपराचा विचार इथेही करा.

माझं छप्पर आता पुन्हा पत्र्याचं आहे आणि ५३ गेला. गेल्या महिन्यात भाचीच्या वाढदिवसाला तिला तलावपाळीला चक्कर हवी होती, तीही हर्बीतूनच. म्हणून चुंबकाच्या शीटवर ५३ छापून आणला. उजव्या दाराला झकास बसला. डाव्या दारावरून तीनदा घसरून खाली पडला. तिथली पुट्टी अजून काढायची राहिली आहे.