न्हाणीची वाकडी भिंत टाईल लावण्याआधी ओळंब्यात कशी आणायची

खेड्यातल्या घरात न्हाणीची भिंत बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, उरलेल्या विटांत उभी राहते. वरून आत झुकलेली, मध्ये पोट आलेलं, कोपऱ्यात खड्डा. अशा भिंतीवर टाईल लावताना मिस्त्री खड्ड्याच्या जागी टाईलमागं सिमेंट-रेतीचा जास्तीचा माल भरतो आणि पोटाच्या जागी ठोकून बसवतो. त्या दिवशी काम सरळ दिसतं. पण जाड मालात पोकळ्या राहतात, कुठं अर्धा इंच तर कुठं दोन सूत (6 मिमी) असा माल सारखा आकसत नाही, आणि सांध्यातून झिरपलेलं शॉवरचं पाणी त्या पोकळ्यांत साचतं. मग टाईल पोकळ वाजायला लागते, आणि पुढं साबणदाणीचा खिळा ठोकला की तडकते. वाकडेपण छपाईत, म्हणजे भिंतीच्या प्लास्टरमध्ये काढायचं असतं. टाईलच्या मसाल्याचं काम फक्त चिकटवण्याचं आहे.

आधी भिंत मोजा. वर छताजवळ खिळा ठोका आणि भिंतीपासून साधारण 40 मिमी दूर ओळंब्याची, म्हणजे टोकाला वजन बांधलेली, दोरी सोडा. ओळंबा हलायचा थांबला की दर फुटावर दोरी ते भिंत अंतर मोजून खडूनं भिंतीवरच लिहा. समजा वर 40, मग 37, 31, 28, 30, 35 आणि खाली 41 आलं. म्हणजे मध्ये 12-13 मिमीचं पोट आहे. हेच दर दोन फुटांवर बाजूला सरकून करा. नंतर 6 फुटी अॅल्युमिनियमची पट्टी आडवी, उभी आणि तिरपी लावून पाहा. तिरपी लावणं बरेच जण टाळतात, पण भिंतीचा पीळ तिथंच सापडतो. 1×2 फुटांच्या टाईलसाठी 6 फुटी पट्टीखाली एक सूत, म्हणजे 3 मिमीपेक्षा जास्त फट नको. टाईल जितकी मोठी, तितकी भिंत जास्त सरळ लागते.

कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे का, तेही पाहा: एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट, आणि तिरपं अंतर 5 फूट यायला हवं. इथं थोडं सोडून देता येतं. 6 फुटांत अर्धा इंच गुण्या चुकत असेल, तर तो फरक दारामागच्या कोपऱ्यातल्या कापलेल्या टाईलमध्ये जिरतो. ओळंब्यात मात्र तडजोड नको, कारण कोपऱ्यातला उभा सांधा वर जाड आणि खाली बारीक झाला की रोज आंघोळ करताना तोच दिसतो.

आता जुनी छपाई तपासा. करणीच्या दांड्यानं सगळी भिंत ठोकत जा. जिथं बद्द आवाज येतो तिथली छपाई विटेपर्यंत काढा आणि सांधे अर्धा इंच कोरा. चुना, डिस्टेंपर, ऑइलपेंट पूर्ण खरवडा. पोट फोडायचं ते फक्त छपाईच्या जाडीत. चार इंची भिंतीची वीट फोडू नका, भिंत कमजोर होते आणि मागच्या खोलीत ओल उतरते. वरच्या उदाहरणात पोटावरची 8 मिमी छपाई काढता आली, तर बाकी भिंतीवर भरायचा थर तेवढाच कमी होतो. भिंत मातीची किंवा कच्च्या विटांची असेल, तर तिच्यावर सिमेंटची छपाई टिकत नाही. तिथं आतून चार इंची पक्की जोडाई घेणंच शहाणपणाचं.

छपाईआधी पाइपाची टेस्ट करून घ्या आणि नळांच्या एल्बोची (नळ बसतो त्या पाइपाच्या वळणाच्या तुकड्याची) खोली बघा, कारण हा घोळ सगळ्यात जास्त होतो. एल्बोचं तोंड तयार टाईलच्या पातळीत यायला हवं. भिंत 15 मिमी पुढं आली की एल्बो तेवढाच आत जातो, नळाचे आटे पुरत नाहीत आणि फ्लँजमागून, म्हणजे नळाच्या भिंतीलगतच्या गोल चकतीमागून, गळती सुरू होते. फरक थोडा असेल तर एक्स्टेंशन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा, चालतो. जास्त असेल तर पाइप आत्ताच पुढं घ्या. डायव्हर्टरच्या (पाणी शॉवर किंवा नळाकडं वळवणाऱ्या भिंतीतल्या व्हॉल्व्हच्या) टोपीवर कमाल-किमान खोलीच्या रेषा असतात, टाईल त्या दोन रेषांच्या मध्ये यावी.

पकड मिळावी म्हणून राहिलेल्या गुळगुळीत छपाईला दोन-दोन इंचांवर टोचे मारा, धूळ धुवा आणि भिंत ओली करा. पाणी वरून ओघळत असेल तर थोडं थांबा. सिमेंटच्या घोळात बाँडिंगचं लेटेक्स डब्यावरच्या प्रमाणात मिसळून ब्रशनं लावा आणि तो चिकट असतानाच माल मारा. वाळला, तर तोच थर माल सुटायला कारण होतो. काँक्रीटचा कॉलम आणि वीटकाम जिथं मिळतं तिथं दोन्हीकडं सहा-सहा इंच जाईल अशी चिकन मेश खिळ्यांनी ठोका. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यानं पाया हलतो, आणि पहिली भेग त्याच सांध्यात पडते.

माल 1 सिमेंट, 4 चाळलेली रेती. एक पोतं सिमेंटला घनफुटाचा फरमा पाच वेळा भरून रेती. सरासरी 15 मिमी जाडीत एवढ्या मालात साधारण 100 चौरस फूट भिंत होते. रेती ओल्या हातात चोळा. हात मातकट झाला तर धुऊन घ्या. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं खारं पाणी मालात वापरू नका. जे पाणी पिता येत नाही ते मालालाही नको. नाहीतर भिंतीला लोणा फुटतो आणि टाईलच्या सांध्यांत पांढरं येत राहतं.

वरच्या दोन कोपऱ्यांत मालाचे ठिय्ये, म्हणजे छपाईची पातळी दाखवणारे छोटे ठोकळे, लावा, त्यांच्यावरून ओळंबा सोडून खालचे लावा, आणि मधले दोरी ताणून, पट्टीला पुरतील अशा अंतरावर. सगळ्यात पुढं आलेल्या जागी किमान 6 मिमी माल राहील असा हिशेब धरा. एका थरात 12 ते 15 मिमीच्या वर जाऊ नका. जास्त लागत असेल तर पहिल्या थरावर करणीनं रेघा ओढा आणि दुसरा थर दुसऱ्या दिवशी. खड्डा 40 मिमीच्या वर असेल तर दोन थरांमध्ये जाळी हवी. पट्टीनं ओढून झालं की पृष्ठभाग खरबरीतच ठेवा, वरून सिमेंट घोटू नका. पीओपी किंवा वॉल पुट्टीनं खड्डे भरायचा मोह टाळा. ओल लागली की दोन्ही सुटतात.

सात दिवस पाणी मारा. विदर्भातल्या मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि लू खिडकीतून आत येते, तेव्हा ओलं बारदान टांगलं तरच छपाई टिकते. पुढचे सात दिवस वाळू द्या. मग शॉवरच्या भिंतीला सात फुटांपर्यंत सिमेंट-अॅक्रिलिक वॉटरप्रूफिंगचे दोन थर द्या, एक उभा आणि एक आडवा. बाकी भिंतींना खालून फूटभर पुरे.

टाईल अॅडेसिव्हनंच, म्हणजे पोत्यात तयार मिळणाऱ्या टाईलच्या मसाल्यानंच लावा. व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळजवळ पितच नाही, म्हणून साध्या सिमेंटला तिची पकड बसत नाही. 20 किलोच्या पोत्यात 3 मिमी थरात साधारण 45 ते 50 चौरस फूट होतात. पोतं त्याहून फार लवकर संपत असेल, तर भिंत अजून वाकडी आहे असं समजा. अॅडेसिव्हसाठी टाईल भिजवू नका. खालची ओळ फरशीच्या उतारानुसार कापावी लागते, म्हणून लेव्हल पाइपनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) पातळी काढून दुसऱ्या ओळीखाली लाकडी पट्टी ठोका आणि तिथून वर चढा. दातेरी करणीनं मसाला एकाच दिशेनं ओढा, टाईलच्या पाठीलाही पातळ थर द्या. सुरुवातीला एक टाईल लगेच उचलून पाहा. पाठ सगळीकडं भरलेली नसेल तर मोठे दाते घ्या.

दोन दिवसांनी, ग्राउट (सांध्यांत भरायचा मसाला) भरायच्या आधी, प्रत्येक टाईल नाण्यानं वाजवून बघा, कोपरे विशेषतः. पोकळ वाजलेली तेव्हाच काढून लावता येते. दोन भिंतींच्या कोपऱ्यात ग्राउट भरू नका, तिथं सिलिकॉन भरा.