फुटलेली टाइल काढताना बाजूची कशी वाचवायची

आमच्याकडे काळ्या मातीवर घर म्हटलं का फरशी हलतेच, पावसाळ्यात माती फुगते अन् उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, वरून टाइल गॅप न ठेवता चिपकवून बसवल्या असल्या तं मे महिन्याच्या उन्हात मधातल्याच वर उचलतात. दोन-तीन टाइलसाठी मिस्त्री काही लवकर येत नाई, म्हणून सैपाकघरातल्या तीन मी स्वतः काढल्या.

पहिले नाण्यानं ठोकून पाहा. पक्की असली तं टणटण आवाज, सुटली असली तं पोकळ. पोकळ आहेत तेवढ्यांवर खडूनं खूण करा आणि तसलीच टाइल दुकानात भेटते का ते आधी पाहून या, जुनी डिझाइन लवकर बंद होते.

आता खरं काम जॉइंटचं आहे भाऊ. लोक डायरेक्ट मधात हातोडी घालतात अन् हादरा जॉइंटमधून बाजूच्या टाइलमध्ये जाते, एक काढायला गेलं तं चार फुटतात. म्हणून चारही बाजूचा जॉइंट टाइलच्या पुऱ्या जाडीपर्यंत, म्हणजे ८-१० एमएम, मोकळा करा. घरात लाइन (वीज) असली तं ग्राइंडरनं, नसली तं बारीक छन्नीनं, वेळ लागते पण लागू द्या. ग्राइंडरच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात जाऊन बसते, तोंडाला नुसता दुपट्टा नका बांधू, चांगला मास्क अन् गॉगल घालाच, लेकरं बाहेर पाठवा.

मग टाइलवर सोयाबीनचं रिकामं पोतं टाकून मधात ठोका, चिपा उडत नाईत. फुटलेल्या जागेतून छन्नी तिरपी घालून तुकडे काढत काढत कडेकडे या. कडेला आल्यावर मात्र छन्नी जॉइंटमधून आतल्या बाजूला मारा, बाजूच्या टाइलकडे कधीच नाई. खालून पाइप गेला असला तं अगदी हलक्या हातानं.

खालचा जुना मसाला खरवडून टाका. केमिकलनं (टाइल चिपकवायच्या तयार मसाल्यानं) बसवायची असली तं टाइलची जाडी अन् वर ३-५ एमएम, सिमेंटच्या मसाल्यात बसवायची तं इंचभर जागा पाहिजे. खाली माती दबून खड्डा दिसला तं मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसनं चांगला ठोका, नाईतर नवीही पोकळच राहते. बसवताना दोन टाइलच्या मधात गॅप राहावा म्हणून २ एमएमचा स्पेसर, म्हणजे प्लास्टिकचा बारीक तुकडा, टाका. तुकडे लगेच पोत्यात भरा, घरात सगळे उघड्या पायानं फिरतात.