डीजे करताना या चुका टाळा: लाल लाईट, छोटी पिन आणि बाकीचे घोळ

सोलापुरात 'डीजे' म्हटलं की डोळ्यासमोर माणूस येत नाही, टेम्पोवर रचलेली बेसची भिंत येते. इथे बोलायचंय ते त्या भिंतीमागे कंट्रोलर (लॅपटॉपवरची गाणी मिसळायचं नॉबवालं यंत्र) आणि लॅपटॉप मांडून बसलेल्या पोराबद्दल. कंट्रोलर हप्त्यावर येतो, सॉफ्टवेअर फुकट उतरतं आणि पंधरवड्याच्या आत हळदीची सुपारी घेतलेली असते. स्क्रॅच शिकायचा असतो, इफेक्ट शिकायचे असतात. गेन (गाण्याचा आवाज यंत्रात किती चढवून घ्यायचा ते) कुठं ठेवायचा हे मात्र कुणालाच शिकायचं नसतं. म्हणून प्रत्येक लग्नसराईत तेच घोळ त्याच क्रमानं होतात.

लाल लाईट म्हणजे जोर नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मीटरवर हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे काठ, लाल म्हणजे काठ ओलांडला. डिजिटल सिग्नलला शून्य डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वर जागाच नसते. वर गेलेलं टोक सपाट कापलं जातं, आणि एकदा कापलेली लाट पुढं मिक्सरवर कितीही कमी केली तरी कापलेलीच राहते.

लाल लागतं कसं? दुसरं गाणं जरा बारीक आवाजात रेकॉर्ड केलेलं असतं, म्हणून त्याचा ट्रिम (त्या गाण्यापुरता गेन) चढवला जातो. बेसचा नॉब तर पहिल्यापासून तीनच्या काट्यावर. मग दोन्ही गाणी एकत्र चालू असताना दोन किक (बेस ड्रमचे ठोके) बरोबर एकमेकांवर पडल्या की टोक ६ डीबीपर्यंत वर जातं. तेवढ्यात समोरून कुणीतरी ओरडतो, "वाढीव की बे!", आणि हात पुन्हा गेनवर.

बाळीवेशीतून निघालेल्या एका वरातीचं उदाहरण घ्या. टेम्पोवर दोन टॉप (गळ्याचे आणि वरच्या स्वरांचे स्पीकर), दोन बेस. पहिल्या गाण्यापासून कंट्रोलरचं लाल पेटलेलं. तासभर काही झालं नाही. मग झांज-घुंगरांची धार बोथट वाटायला लागली. याचं कारण साधं आहे: व्हॉइस कॉइल (स्पीकर हलवणारी तारेची गुंडाळी) तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि तेवढ्याच सिग्नलला आवाज कमी निघतो. तापलेली कॉइल विश्रांती मागत होती, पोरानं हायचा नॉब आणखी चढवला. वीस मिनिटांत एका टॉपमधून खरखर आली आणि मग गाणं चादरीत गुंडाळल्यासारखं झालं. ते भरून काढायला त्यानं मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) वाढवला, तसा दुसराही गेला. दुसऱ्या दिवशी टॉप उघडले तर दोन्ही हॉर्नच्या (टॉपमधल्या वरच्या स्वरांच्या भोंग्यांच्या) कॉइल जळून काळ्या, बेसला ओरखडाही नाही. निष्कर्ष काय निघाला? "स्पीकर डुप्लिकेट होते."

स्पीकरचा दोष नव्हता. लाटेची टोकं कापली की ती चौकोनी होत जाते. चौकोनी लाटेत वरच्या स्वरांचा भरणा वाढतो आणि सरासरी पॉवरही वाढते. वरच्या स्वरांचा तो भरणा हॉर्नच्या केसासारख्या बारीक कॉइलवर जातो. बेसची कॉइल जाड असते, ती सोसून जाते.

आणि मिळालं काय? वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डीबी वाढतात. कानाला आवाज 'डबल' वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॉट. हजाराच्या जागी दहा हजार वॉट नॉब फिरवून येत नसतात.

सवय अशी लावा. तिन्ही ईक्यू (हाय, मिड, लो, म्हणजे वरच्या, मधल्या, खालच्या स्वरांचे नॉब) बाराच्या काट्यावर. गाण्याचा सगळ्यात भरलेला भाग लावा, सुरुवातीची शांत आलापी नव्हे, आणि ट्रिम एवढाच चढवा की किकला पिवळा दिवा निसटता लागेल. लाल एकदाही नको. कंट्रोलरचा मास्टर तिथेच सोडा आणि एकूण आवाज पुढच्या मिक्सरवर किंवा अँपवर ठरवा. सुरुवातीला ६ डीबी हातचे राखून ठेवा, कारण नऊनंतर "वाढीव" येणारच आहे. मिक्स करताना येणाऱ्या गाण्याचा लो पूर्ण बंद ठेवा आणि ३२ ठोक्यांचा भाग संपला की एकाचा लो खाली, दुसऱ्याचा वर. दोन बेस एकाच वेळी चालू ठेवणं म्हणजे मिक्सिंग नव्हे, चिखल. तरीही जोर मागितलाच, तर आठ ठोके लो काढून घ्या आणि नवव्याला परत सोडा. मीटर हलत नाही, पब्लिक उसळतं.

छोटी पिन, गायब गायक

होटगी रोडच्या कुठल्याही मंगल कार्यालयात कधी ना कधी दिसणारं दृश्य: नवरीची एंट्री, धूर सोडलाय, गाणं सुरू झालं आणि त्यात गाणाराच नाही. लांबून एको येतो, बाजूची व्हायोलिनं ऐकू येतात, पण ढोलकी पातळ आणि गळा गायब. पोरगा गाणं बदलतो. तेच. लॅपटॉप रीस्टार्ट करतो. तेच. तोवर नवरी स्टेजवर पोचलेली असते, आणि कार्यालयाच्या साउंडवाल्याशी भांडण सुरू.

फाईल चांगली असते, साउंडही चांगला असतो. वायर चुकीची असते. लॅपटॉपच्या साडेतीन एमएम जॅकमधून निघालेली आणि दुसऱ्या टोकाला माइकसारखी एक्सएलआर पिन असलेली वायर त्यानं मिक्सरच्या माइक चॅनलला लावलेली असते. हेडफोन जॅकवर टोकाला डावा आवाज असतो आणि मधल्या कड्यावर उजवा. एक्सएलआरचं इनपुट बॅलन्स्ड असतं, ते दोन तारांमधला फरक घेतं: डावा वजा उजवा. गायक, किक, बेस हे गाण्यात नेहमी मधोमध ठेवलेले असतात, म्हणजे दोन्हीकडे सारखे. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. उरतं ते फक्त कडेचं.

यावरचा गल्लीतला उपाय सगळ्यांना माहीत आहे: पिन अर्धी बाहेर ओढायची, आवाज आला की चिकटपट्टी मारून तशीच ठेवायची. कुणाचा पाय वायरीला लागला की परत गायक गेला. असले जुगाड करणाऱ्यांकडे वायर घ्यायला पैसे नसतात, धुराच्या मशीनला असतात.

योग्य वायर ही: एका टोकाला साडेतीन एमएम स्टीरिओ, दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना, पाव इंची. मिक्सरच्या दोन लाईन चॅनलना लावायच्या, एकाचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे वळवायचा नॉब) पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. कंट्रोलर असेल तर हेडफोन जॅकला हातच लावू नका, मागचं मास्टर आउट वापरा. ते आरसीए (टीव्हीच्या लाल-पांढऱ्या पिनांसारखं) असेल तर वायर तीनेक मीटरच्या आत ठेवा. मिक्सर लांब असेल तर मध्ये स्टीरिओ डीआय बॉक्स (लांब वायरीसाठी सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) घाला आणि पुढं एक्सएलआर न्या. कार्यालयात एकच चॅनल रिकामा असेल तर सॉफ्टवेअरमधून आउटपुट मोनो करा आणि एकच बाजू द्या. डावा-उजवा थेट पिळून एकत्र जोडू नका, दोन्ही आउटपुट एकमेकांविरुद्ध ढकलत बसतात.

पिशवीत कायम असावं: वरची वायर दोन नग, आरसीए ते पाव इंची एक जोडी, डीआय बॉक्स, कंट्रोलरची जादा यूएसबी वायर. दीड किलो वजन नाही.

गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन तोडणं

हे करणाऱ्याला कार्यक्रमातून उठवून घरी पाठवावं, एवढं साधं मत आहे. चार्जरची किंवा अँपची तिसरी पिन तोडली की गुणगुण जाते, खरंय. सोबत जीव वाचवणारा रस्ताही जातो. आत फेज बॉडीला लागला तर तो कंट्रोलरच्या पत्र्यातून तुमच्या हातात, नाहीतर माइक धरलेल्या मामांच्या ओठात. पावसात, ओल्या टेम्पोवर, जनरेटरच्या लाईनवर याचं काय होतं ते सांगायला नको.

गुणगुणीचं कारण शोधायला दोन मिनिटं लागतात. लॅपटॉपचा चार्जर काढा. थांबली? मग चार्जर आणि अँप दोन वेगळ्या जागी अर्थ झालेत आणि ऑडिओ वायरीतून फेरा पूर्ण होतोय. आधी लॅपटॉप, मिक्सर, अँप सगळं एकाच बोर्डावरून घ्या. तरी राहिली तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते ऑडिओची शील्ड तोडतं, विजेची अर्थिंग नाही, फरक लक्षात घ्या. चार्जर काढूनही गुणगुण असेल तर आरसीए वायर लाईटच्या वायरीला समांतर पसरलेली असते. ती बाजूला करा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

जनरेटरवर पिन घालण्याआधी मल्टिमीटर लावा. २३० च्या मागेपुढे दहा टक्के, म्हणजे २०७ ते २५३, चालतं. बाहेर असेल तर जनरेटरवाल्याला उठवा. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० खातो, त्याला फारसं कळणार नाही. अँपला कळतं.

सॉफ्टवेअरनं सांगितलेला बीपीएम (मिनिटाचे ठोके) खरा मानणं

सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की काम झालं, ही आळशी समजूत. सिंक ग्रिडवर (सॉफ्टवेअरनं गाण्यावर मारलेल्या ठोक्यांच्या खुणांवर) चालतं, आणि ग्रिड चुकली की सिंक बिनचूक चुकतं.

आपल्याकडं हे दोन ठिकाणी फसतं. पहिलं, सहा मात्रांचा ठेका. बऱ्याच कोळीगीतांत तो असतो. नाचणाऱ्याचा पाय मिनिटाला १०० वेळा पडतो आणि सॉफ्टवेअर १५० दाखवतं, कारण ते प्रत्येक पावलाचे तीन तुकडे सोडून दोन-दोनच्या जोड्या मोजतं. दुप्पट-निम्मं करायच्या बटणानं हे सुटत नाही. १५० ला दोननं गुणा, तीननं भागा, १०० आला. टॅपचं बटण अर्धा मिनिट पायाबरोबर दाबून खात्री करा, मग आकडा हातानं भरा. आणि ग्रिड जुळली तरी अशा गाण्यावर चार मात्रांचा लूप चढवू नका. सम गाठून सरळ कट मारा.

दुसरं, माणसांनी वाजवलेली जुनी गाणी. ती ११८ ला सुरू होतात आणि अंतऱ्यानंतर १२१ वर पोचतात, हलगी तापली की हात चढतोच. एका बीपीएमचा फरक एका मिनिटात अख्ख्या ठोक्याचा होतो, अर्ध्या मिनिटात अर्ध्याचा, आणि अर्धा ठोका हुकणं सगळ्यात कानाला लागतं. रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये अशा गाण्यांचं ॲनालिसिस डायनॅमिकवर ठेवून पुन्हा करा. त्यावर विसंबूनही लांब मिक्स करू नका, आठ ठोक्यांत उरका आणि हेडफोन कानावर ठेवा.

'३२० केलंय' म्हणून दाखवणं

व्हिडिओवरून ओढलेलं १२८ चं (केबीपीएस, म्हणजे सेकंदाला किती माहिती भरलीय ते) गाणं ३२० मध्ये बदललं की फाईल जाड होते, गाणं नाही. स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाका. खरं ३२० साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत रंग दाखवतं. १२८ चं एमपी३ सोळाच्या आसपास चाकूनं कापल्यासारखं संपतं. घरच्या स्पीकरवर फरक कळणार नाही, चार टॉपवर कळतो.

उरलेलं, भराभर

ब्लूटूथ हेडफोनवर क्यू करू (पुढचं गाणं आधी कानात ऐकून जुळवू) नका. २०० मिलिसेकंद उशीर सहज होतो, आणि १२० बीपीएमला अख्खा ठोकाच ५०० मिलिसेकंदांचा असतो.

बफर (लॅपटॉप आवाज ज्या तुकड्यांत पाठवतो त्यांचं माप) ६४ वर ठेवून मिरवू नका. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे जेमतेम ६ मिलिसेकंद, तेवढ्यात आवाज दोन मीटर जातो. कडकड आली तर ५१२ करा, नाचणाऱ्याला पत्ता लागत नाही.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत लॅपटॉप उन्हात ठेवला की तो तापून स्वतःच वेग कमी करतो, आणि तीच कडकड पुन्हा. सावली हवी, खाली स्टँड हवा. गादीवर किंवा चादरीवर ठेवला तर हवा घ्यायची जाळीच बंद होते.

पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्येच फॉरमॅट करा, एनटीएफएस बरेच प्लेअर वाचत नाहीत. गाणी ओढून टाकू नका, सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट करा, नाहीतर गाण्यावर लावलेल्या क्यूच्या खुणा आणि ग्रिड घरीच राहतात. दोन पेनड्राइव्ह, दोन्ही सारखे.

गाणी डाउनलोड फोल्डरमध्येच ठेवून नंतर साफसफाई केली की लायब्ररीत उद्गारचिन्हं लागतात. आधी फोल्डर ठरवा, मग गाणी चढवा. तेलुगू आणि कन्नड वेगळ्या प्लेलिस्टमध्ये ठेवा. पूर्व भागातल्या लग्नात "तेलुगू लाव" म्हटल्यावर शोधत बसलात तर पुढची सुपारी दुसऱ्याला.

कार्यक्रमाच्या दिवशी अपडेट नाही. विंडोजचा नाही, फर्मवेअरचा नाही, कसलाच नाही.

खरखरणाऱ्या फेडरवर (आवाजाच्या सरकपट्टीवर) डब्ल्यूडी-४० मारू नका, धूळ चिकटून आणखी बसते. फेडरसाठीचा वेगळा क्लीनर मिळतो.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि सणांची खास सवलत मिळाली तरी ती मध्यरात्रीपर्यंतच. "पाचच मिनिटं" म्हणणारे काका पोलीस आल्यावर दिसत नाहीत, जप्त होतो तो तुमचा कंट्रोलर. ९:५० ला शेवटचं गाणं लावा.

आवरताना आधी अँप बंद, मग मिक्सर, मग लॅपटॉप. चालू करताना याच्या उलट, अँप शेवटी. क्रम चुकला की 'धप्प' होऊन तो झटका थेट कॉइलला बसतो. आणि वायरी कोपरावर करकचून गुंडाळू नका. एक वेढा सरळ, एक उलटा, असे सैल वेढे घ्या. पीळ बसलेली तार आतून तुटते, बाहेरून दिसत नाही.