कॉमिक्स भिंतीवर लावा, पण उन्हाच्या वाटेत नको

सलूनच्या काचेवर हेअरस्टाइलचं पोस्टर लावलेलं असतं. दोन उन्हाळे गेले की त्यातल्या पोरांचे चेहरे निळे पडतात. लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा आणि काळा तग धरतो. जुन्या कॉमिकच्या मुखपृष्ठाचंही हेच होतं. वेताळाचा (म्हणजे फँटमचा) जांभळा पोशाख हळूहळू निळसर दिसायला लागला की समजायचं, त्यातला गुलाबी रंग उन्हानं खाल्ला. सलूनवाला नवीन पोस्टर आणतो. १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा अंक आता कोण छापून देणार?

रद्दीच्या ढिगातून, मामाच्या माळ्यावरून किंवा ऑनलाइन विक्रीतून असा अंक हाती लागला की तो ट्रंकेत कोंडून ठेवायला जीव होत नाही. आल्यागेल्याला दिसला पाहिजे, हा नादच तसा आहे. पण दिसायला उजेड लागतो आणि उजेडच रंग खातो. शिवाय यातले बरेच अंक स्वस्त, वर्तमानपत्री जातीच्या कागदावर छापलेले. या कागदात लाकडाचा लिग्निन नावाचा घटक शिल्लक असतो. ऊन आणि हवा लागली की तो पिवळा पडतो आणि कागद कडकडीत होतो. गेलेला रंग परत येत नाही, आणि झालेली झीज साठत जाते. आज तासभर, उद्या तासभर, असा सगळा हिशेब कागदावर जमा होत राहतो.

बहुतेक जण सुरुवात फ्रेमवाल्यापासून करतात. माझ्या मते फ्रेम शेवटी. आधी भिंत ठरवायची, मग किती दिवस लावायचं ते, आणि मग काच.

१. भिंत निवडा

कोल्हापूरकराला आडवं ऊन शिकवावं लागत नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी सरताना अंबाबाईचा किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी आणखी वर, मग मुखापर्यंत. घरातल्या भिंतीसाठी यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक म्हणजे मावळतीचं ऊन इतकं आडवं येतं की ते किती दारं ओलांडून आत जाईल याचा नेम नाही. दुसरी म्हणजे ते रोज सरकतं. मे महिन्यात जी भिंत सावलीत असते, तिच्यावर नोव्हेंबरात पाच वाजता उन्हाचा चौकोन पडलेला दिसू शकतो.

म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सोडाच. पूर्वेचंही तसंच, फक्त तिथला त्रास सकाळी. दक्षिणेच्या खिडकीवर चांगला रुंद छज्जा असेल तर उन्हाळ्यात काही बिघडत नाही. थंडीत सूर्य खाली उतरला की मात्र ऊन छज्ज्याखालून आत येतं.

उत्तरेच्या खिडकीबद्दल परदेशी सल्ले डोळे झाकून ऐकू नका. 'उत्तरेला ऊन येतच नाही' हे युरोप-अमेरिकेत बरंचसं खरं आहे. आपण कोल्हापुरात साधारण १६.७ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच, आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दुपारीसुद्धा उत्तरेकडे असतो. सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं तर एप्रिलपासूनच उत्तरेच्या खिडकीतून डोकावतात. जूनमध्ये ढग येतात म्हणून निभावतं. तरी वर्षभराचा विचार केला तर उत्तरेची खोली बरी, आणि त्याहून बरा आतला बोळ, जिन्याखालची भिंत किंवा जिला खिडकीच नाही अशी मधली खोली. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत अशा अंधाऱ्या मधल्या खोल्या असतात. एरवी त्यांना नावं ठेवतो आपण; कॉमिक्ससाठी त्या एक नंबर.

भिंत बाहेरची नको, हेही लगेच बघून टाका. जिच्यावर पावसाचा मारा होतो, त्या भिंतीला आतून ओल येते आणि ती ओल फ्रेमच्या पाठीत शिरते. स्वयंपाकघराला लागून असलेली भिंतही टाळा. फोडणीचा तेलकट धूर रोजचाच असतो, आणि उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाल्याचा घाट घातला की लाल भुकटी कुठेकुठे पोचते हे घरच्यांना विचारा.

२. कागदाची साक्ष घ्या

भिंत ठरली तरी अंक टांगू नका. वर्तमानपत्राच्या पानातून वीतभर पट्टी कापा, रंगीत फोटो असलेला भाग मिळाला तर उत्तम. तिच्या अर्ध्या भागावर काळा जाड कागद दुमडून क्लिपनं घट्ट बसवा आणि अंक जिथे लावायचा अगदी तिथेच पट्टी चिकटवा. महिनाभर विसरून जा. मग काळा कागद काढा. झाकलेला आणि उघडा भाग यांच्यामध्ये रेघ दिसली, एका बाजूला पांढुरका कागद आणि दुसऱ्या बाजूला चहाच्या डागासारखी पिवळट झाक, तर ती भिंत बाद. रेघ ठळक असेल तर घरात वाद घालायलाही पुरावा मिळतो.

३. उजेडाचा हिशेब मांडा

उजेड लक्समध्ये मोजतात. मोबाइलवर लक्स मोजणारी फुकट ॲप्स मिळतात. अचूक नसतात, पण अंदाजाला पुरतात. मोबाइलचा सेन्सर बहुधा पडद्याच्या बाजूला असतो, म्हणून फोन अंकाच्या जागी धरून पडदा खोलीकडे करा.

नाजूक कागदी वस्तूंसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. रोज ८ तास याप्रमाणे वर्षभराचे होतात १ लाख ४६ हजार लक्स-तास. आता घरी या. दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात. म्हणजे संग्रहालय ज्या मात्रेला वर्ष लावतं, ती उघड्या उन्हात दीड तासात संपते. थेट ऊन नसलेल्या पण खिडकीजवळच्या भिंतीवर २,००० लक्स धरले आणि दिवसाचे दहा तास, तर आठवडाभरातच वर्षाचा कोटा संपला. रात्रीच्या दिव्याखाली १५० लक्स, रोज तीन तास, तीन महिने? साधारण ४० हजार. हे परवडतं.

या आकडेमोडीतून कळतं की खरा शत्रू दिवसा आहे. पडदे ओढून ठेवा. पातळ पडद्यामागे जाड अस्तर लावा, आणि दिवसभर घरात कुणी नसेल तर खिडकीची झडप बंदच असू द्या. खिडकीच्या काचेवर अतिनील किरणं अडवणारी फिल्म लावून मिळते. साधी काच अतिनील किरणांतला एक भाग अडवते, पण बराचसा आत सोडते, त्यामुळे फिल्मचा उपयोग होतो. मात्र फिल्म लावली म्हणून निर्धास्त होऊ नका. डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग उडवतो, त्यातला निळा तर जास्तच. तो अडवणारी काच काळी असावी लागेल, मग अंक दिसणार कसा!

४. पिशवी आणि पुठ्ठा

अंक कधीही लॅमिनेट करू नका. शाळेच्या पुस्तकाला घालतो तसं कव्हरही नको. लॅमिनेशन म्हणजे कागदावर गरम चिकट थर कायमचा बसवणं, आणि संग्राहकाच्या दृष्टीनं तो अंक तिथेच संपला.

अंक ठेवायची पिशवी पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची घ्या. पॉलिएस्टरला संग्राहक मायलर म्हणतात. नवा शर्ट ज्या कुरकुरीत पारदर्शक पिशवीत येतो, ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. मऊ, जाडसर आणि नव्या रेनकोटसारखा वास येणारं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते हात लावू नये असं. त्यातली रसायनं कालांतरानं सुटतात आणि शाई त्याला चिकटते. पॉलिप्रॉपिलीन काही वर्षांनी पिवळट आणि ठिसूळ होतं, तेव्हा बदलायचं. मायलर महाग पण टिकाऊ. दोन्हींपैकी कुठलीही पिशवी ऊन अडवत नाही, हे लक्षात असू द्या.

अंकामागे ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, पुठ्ठा घाला. तो इथल्या स्टेशनरीत सहजी मिळत नाही, ऑनलाइन मागवावा लागतो. साधा करडा पुठ्ठा, बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा यांतलं आम्ल कागदात उतरतं. इंद्रजाल, अमर चित्र कथा आणि अमेरिकन कॉमिक यांची मापं एक नाहीत, म्हणून आधी अंक मोजा आणि मग पिशव्या मागवा.

पिशवीला चिकटपट्टी असेल तर एक काळजी घ्या. अंक बाहेर काढताना मुखपृष्ठाचा कोपरा त्या गोंदाला लागतो आणि टरकन फाटतो. काढण्याआधी पट्टी मागे दुमडून टेपनं पिशवीलाच चिकटवून टाका, किंवा गोंदाची पट्टी कापून पिशवी नुसती दुमडा. हे सगळं कोरड्या दिवशी करायचं. जुलैतल्या दमट हवेत पिशवी बंद केली की ओल आत कोंडते, पिना गंजतात आणि बुरशीला आयतं घर मिळतं.

५. फ्रेमवाल्याशी बोलणी

फ्रेमवाले हुशार असतात, पण त्यांचा हात लग्नाच्या फोटोंवर आणि देवाच्या तसबिरींवर बसलेला असतो. तुम्ही काही न बोलता अंक दिलात तर तो काचेला थेट चिकटेल, मागं हार्डबोर्ड येईल आणि कडेनं खिळे आणि चिकटपट्टी. "मागं हार्डबोर्डच टाकतो की ओ, टिकतंय चांगलं," असं ऐकू आलं तर नम्रपणे सांगायचं, "काका, हार्डबोर्ड असू दे, पण त्याच्या आणि अंकाच्या मध्ये मी दिलेला पुठ्ठा घाला." अंक दुकानात ठेवून यायचीही गरज नाही. त्याच मापाचा साधा कागद द्या, रिकामी फ्रेम करून घ्या आणि अंक घरी स्वतः बसवा.

फ्रेम खोल हवी. काच आणि अंक यांच्यात काही मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात मुखपृष्ठ काचेला चिकटतं आणि सोडवताना शाई तिथेच राहते. ती जागा माउंटच्या, म्हणजे अंकाभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, चौकटीनं किंवा कडेच्या पट्टीनं मिळते, माउंटही ॲसिड-फ्रीच. अंक पिशवी-पुठ्ठ्यासकट बसवा आणि पिशवीला कोपऱ्यांत धरून ठेवा, अंकाला गोंद, टेप, टाचणी काहीही लागू देऊ नका. खालच्या बाजूनं आधार द्या, म्हणजे वजन पिनांवर येणार नाही.

काचेऐवजी अतिनील किरणं अडवणारं ॲक्रेलिक मिळालं तर घ्या. हलकं असतं, पडलं तरी त्याच्या धारदार कपऱ्या अंकात घुसत नाहीत. पुसताना काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे नको, ओलसर मऊ कापड पुरे. फ्रेमच्या पाठीला चारही कोपऱ्यांत बुचाचे किंवा फेल्टचे तुकडे चिकटवा. भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर हवा खेळली की ओल, कसर आणि पाल तिघांचाही त्रास कमी होतो.

६. दिवा

जुन्या ट्यूबमधून थोडी अतिनील किरणं निघतात. एलईडीतून जवळजवळ नाही. २,७०० ते ३,००० केल्विनचा पिवळसर एलईडी लावा, त्यात निळा कमी असतो. दिवा फ्रेमच्या आत बसवू नका, उष्णता कोंडते. स्विच वेगळा ठेवा आणि पाहुणे आले की लावा.

७. कॅलेंडर बघून बदली करा

एकच अंक वर्षभर भिंतीवर नको. दिवाळीची साफसफाई झाली की पहिला संच लावा, संक्रांतीला उतरवा. दुसरा संच संक्रांतीपासून गुढीपाडव्यापर्यंत. पाडव्यानंतर ऊन चढतं आणि पाठोपाठ पाऊस येतो, तेव्हा खरे अंक खोक्यात आणि भिंतीवर त्यांच्या प्रती.

प्रतींना नाक मुरडू नका. मुखपृष्ठ चांगल्या रिझोल्यूशननं स्कॅन करून मॅट कागदावर रंगीत प्रिंट काढली तर चार फुटांवरून फरक कळत नाही. जो अंक गमावला तर दुसरा मिळणारच नाही, त्याची तर कायम प्रतच लावा. दाखवायची हौस असेल तर पाहुण्याला बसवून, हात धुवायला लावून, मूळ अंक खोक्यातून काढून समोर ठेवा. भिंतीवरच्या फ्रेमपेक्षा त्याची मजा जास्त येते.

खोकं घट्ट झाकणाचं, आत ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी; रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायची. अंक उभे आणि न वाकता राहतील एवढेच भरा. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांच्या गल्लीत आला होता, त्यांनी खोकं तळमजल्यावर ठेवूच नये. बाकीच्यांनीही फरशीवर न ठेवता फळीवर ठेवावं, आणि झाकणाच्या आत एक कागद चिकटवून कुठला अंक कोणत्या महिन्यात भिंतीवर होता ते पेन्सिलीनं लिहीत जावं. पुढच्या दिवाळीला कुणाला विश्रांती द्यायची, हे त्या कागदावरून ठरवता येतं.