लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट : फिट फसतंय? या चुका टाळा

लेव्हेनबर्गने 1944 मध्ये मांडलेली आणि मार्क्वार्टने 1963 मध्ये नव्याने शोधलेली मोजलेल्या नोंदींवर सूत्राचा वक्र बसवणारी (फिट करणारी), चुकांच्या वर्गांची बेरीज पावलापावलाने घटवत नेणारी ही पद्धत आता इतकी मुरली आहे, की फिट फसलं तर अल्गोरिदमवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी पॅरामीटरचा (सूत्रातल्या शोधायच्या आकड्यांचा) सुरुवातीचा अंदाज बघा.

समजा, चहाचं तापमान तासभर दर मिनिटाला मोजलंय. पहिली नोंद 90 अंश, शेवटची 30. मॉडेल : तापमान = अ × एक्स्प(−ब × वेळ) + क, वेळ सेकंदांत. अंदाज दिला नाही तर सायपाय या पायथन लायब्ररीचं कर्व्ह-फिट तिन्ही पॅरामीटर 1 धरतं. मग 60 व्या सेकंदालाच एक्स्प(−60) इतकं चिमुकलं होतं, की ते 1 मध्ये मिळवूनही संगणकाला 1 च दिसतो. ब जरासा हलवला तरी उत्तर हलत नाही. जेकोबियन, म्हणजे प्रत्येक पॅरामीटर हलवल्यावर उत्तर किती हलतं याचा तक्ता, त्यातला ब चा अख्खा स्तंभ शून्य. ब जागचा हलत नाही. आलेखात हे लगेच ओळखू येतं : वक्र पहिल्या बिंदूतून तंतोतंत जातो आणि पुढे नुसती आडवी रेघ.

उपाय कागदावर होतो. क = 30, अ = 90 − 30 = 60. तापमान मधोमध, म्हणजे 60 अंशांवर, यायला 600 सेकंद लागले असतील तर ब = 0.693 (2 चा नैसर्गिक लॉगॅरिदम) ÷ 600, सुमारे 0.00116.

कोड स्वतः लिहिलाय? मग चिन्ह तपासा. अवशेष ‘नोंद वजा मॉडेल’ आणि जेकोबियन अवशेषांचा, पण पावलाचं सूत्र मॉडेलच्या जेकोबियनचं (दोन्हींची चिन्हं उलट), असा घोळ नेहमीचा. प्रत्येक पाऊल चढावर पडतं म्हणजे चूक वाढते, ते नाकारलं जातं, लॅम्डा (पाऊल आवरणारा आकडा) दहा-दहा पटीने फुगतो, पाऊल आक्रसतं आणि प्रोग्राम ‘उत्तर मिळालं’ म्हणून थांबतो. म्हणून लहान पावलावर विसंबू नका, ग्रेडियंटही (चुकांच्या बेरजेचा उतार) शून्याजवळ आलाय का बघा. पाऊल नाकारल्यावर जुने पॅरामीटर परत ठेवायचे, हेही विसरलं जातं.

पावलाच्या सूत्रातल्या ‘जेकोबियनचा परिवर्त × जेकोबियन’ या मॅट्रिक्समध्ये लॅम्डा सरसकट एकक मॅट्रिक्सला गुणून मिळवू नका. वरच्या उदाहरणात या मॅट्रिक्सच्या कर्णावर अ च्या जागी साधारण 8 येतात, ब च्या जागी 900 कोटींहून जास्त. लॅम्डा 100 झाला की अ जखडतो, ब मोकाट. कर्णावरच्या आकड्यांनाच लॅम्डाने गुणून मिळवा.

एखादी नोंद 10 अंशांनी चुकली तर वर्गामुळे तिचं वजन 1 अंशाने चुकलेल्या 100 नोंदींइतकं होतं. तिथे मोठ्या चुकांचं वजन कमी करणारा सॉफ्ट-एल-वन लॉस वापरा. मात्र सायपायची ‘एलएम’ (म्हणजे लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट) पद्धत तो घेत नाही, ‘टीआरएफ’ ही दुसरी पद्धत निवडावी लागते.