इंटेल की एएमडी: दोन लॅपटॉपच्या प्रोसेसरांची तुलना कशी करावी

एकाच नावाचा प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवून त्यांना एकच काम दिले, तर एक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने मागे पडलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. त्यामुळे ‘इंटेल घ्यावा की एएमडी’ या प्रश्नाचे उत्तर जो केवळ कंपनीच्या नावावरून देतो, त्याचा सल्ला ऐकू नये, असे माझे ठाम मत आहे. पुढील पद्धत दोन ठरावीक लॅपटॉपांची तुलना करण्यासाठी आहे. बजेट, पडदा आणि वजन यांचा विचार तुम्ही आधीच केला आहे, असे मी धरून चालतो.

पहिली पायरी म्हणजे प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल क्रमांक कागदावर उतरवून घेणे. ‘रायझन ५’ किंवा ‘कोअर ७’ एवढ्यावर थांबू नये. एएमडीच्या ७००० मालिकेतील लॅपटॉप प्रोसेसरांत क्रमांकातला तिसरा अंक आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो: रायझन ५ ७५२०यू मध्ये झेन २ या २०१९ साली आलेल्या रचनेचे चार कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, तर रायझन ५ ७५३०यू मध्ये झेन ३ चे सहा. लॅपटॉपवरच्या चिकटपट्टीवर मात्र दोन्हीकडे ‘रायझन ५’ एवढेच ठळक दिसते. इंटेलचीही तीच गत आहे. कोअर ७ १५०यू आणि कोअर अल्ट्रा ७ १५५एच ही नावे सख्ख्या भावंडांसारखी वाटतात, पण पहिल्यात दोनच मोठे, म्हणजे वेगवान, कोर आहेत आणि दुसऱ्यात सहा, शिवाय आतली रचनाही वेगळ्या पिढीची आहे.

दुसरी पायरी: गिगाहर्ट्‌झ आणि कोरची संख्या यांवरून निकाल लावू नका. २००१ साली एएमडीने ॲथलॉन एक्सपी १८०० प्लस हे नाव ज्या चिपला दिले, ती प्रत्यक्षात १५३३ मेगाहर्ट्‌झवर चालत होती, कारण इंटेलच्या पेंटियम ४ पेक्षा ती प्रत्येक ठोक्याला अधिक काम उरकत असे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला पडणारे असे ठोके). आज तोच घोटाळा कोरच्या मोजणीत होतो. इंटेलच्या आय५-१२३५यू चे दहा कोर म्हणजे दोन मोठे आणि आठ लहान. त्यांची एकसारख्या सहा कोरांशी थेट वजाबाकी करून काहीही हाती लागत नाही.

रॅम दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांनी एकाच वेळी, चालते का, ते पाहा. एकच पट्टी असलेल्या लॅपटॉपात, ज्या इंटेल चिपमधील ग्राफिक्सचे नाव एरवी ‘आयरिस एक्सई’ असे दिसते, तिथे केवळ ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसू लागते आणि ग्राफिक्सचा वेगही घटतो. अशा लॅपटॉपची दोन पट्ट्या असलेल्या लॅपटॉपशी तुलना करणे अन्यायाचे आहे.

आता मुख्य पायरीकडे येतो, आणि ती म्हणजे सलग भाराखालची चाचणी. बहुतेक जण ती टाळतात किंवा चुकीची करतात. इंटेलने आय५-१२३५यू साठी मूळ वीजमर्यादा १५ वॅट आणि टर्बोची (थोड्या वेळापुरत्या जादा वेगाची) कमाल मर्यादा ५५ वॅट जाहीर केली आहे. काम सुरू होताच चिप वरच्या मर्यादेकडे झेपावते आणि साधारण अर्ध्या-एक मिनिटाने सततच्या मर्यादेवर उतरते. ही सततची मर्यादा नेमकी किती ठेवायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी पंखा, तांब्याच्या नळ्या आणि बॉडीची जाडी पाहून ठरवते, आणि तो आकडा खोक्यावर बहुधा छापलेला नसतो. एएमडीच्या लॅपटॉप चिपांनाही अशाच मर्यादा असतात.

काही वर्षांपूर्वी मावसभावासाठी लॅपटॉप निवडताना मी दोन्ही यंत्रांवर जेमतेम मिनिटभराची चाचणी लावली आणि ज्याला जास्त गुण मिळाले, तो सडपातळ लॅपटॉप त्याला घ्यायला सांगितला. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. पंधरा दिवसांत त्याचा फोन आला, की एक्स्पोर्टला जुन्या लॅपटॉपइतकाच वेळ लागतो आहे. मी जाऊन शेजारी बसलो आणि एचडब्ल्यूइन्फो (चिप किती वॅट घेते ते दाखवणारे सॉफ्टवेअर) उघडून पाहू लागलो: सुरुवातीला ४८ वॅट, चाळिसाव्या सेकंदाला आकडा घसरू लागला आणि मग १५ वॅटवर येऊन बसला, तो शेवटपर्यंत हलला नाही. पंखा पूर्ण वेगाने ओरडत होता आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवत नव्हते. त्याचे कष्टाचे पैसे माझ्या अर्धवट चाचणीमुळे चुकीच्या ठिकाणी गेले, आणि तेव्हापासून मिनिटभराच्या कोणत्याही निकालावर मी विश्वास ठेवत नाही.

म्हणून चाचणी अशी करावी. दोन्ही लॅपटॉप चार्जरला जोडून, एकाच खोलीत, कडक पृष्ठभागाच्या टेबलावर ठेवावेत. विंडोजचे अपडेट पूर्ण होऊ द्यावेत आणि दोहोंचा पॉवर मोड एकसारखा ठेवावा. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा वेग मोजून गुण देणारे सॉफ्टवेअर) ची दहा मिनिटांची मल्टिकोर, म्हणजे सगळे कोर वापरणारी, चाचणी लावून एचडब्ल्यूइन्फोमधील ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ ही ओळ उघडी ठेवावी, आणि दहाव्या सेकंदाला, पहिल्या मिनिटाला व दहाव्या मिनिटाला दिसणारे वॅट लिहून घ्यावेत. दहाव्या मिनिटाचा आकडा हीच त्या लॅपटॉपची खरी ताकद समजावी. चाचणी तीनदा करून मधला गुण धरावा. दोघांच्या गुणांत तीन टक्क्यांपर्यंतच फरक असेल, तर ते बरोबरीत आहेत असेच मानावे. एवढ्या फरकावर वाद घालणे व्यर्थ आहे.

तापमानही त्याच वेळी पाहावे, कारण खोलीतली हवा दहा अंशांनी गरम असेल तर तेवढ्याच भाराखाली चिपचे तापमानही जवळपास तितकेच वर सरकते. दुकानातल्या एसीत जी चिप आधीच ९५ अंशांवर पोहोचली आहे, ती नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, वॅट कमी केल्याशिवाय चालूच शकणार नाही. ‘एएमडी तापतो’ हे जुने वाक्य इथे उपयोगाचे नाही. २०२२ च्या डेस्कटॉप चिपांत इंटेलच्या आय९-१३९००के ची कमाल मर्यादा २५३ वॅट होती आणि एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स ची २३० वॅट. उष्णता वॅटमागून येते, मग चिप कोणाचीही असो.

दुकानदार चाचणी करू देत नसेल, तर परत करण्याची मुदत लेखी विचारून घ्यावी आणि त्या मुदतीतच घरी ती उरकावी. तेही शक्य नसल्यास वॅटचा आलेख दाखवणारे परीक्षण शोधावे, पण ते नेमक्या त्याच लॅपटॉप मॉडेलचे असले पाहिजे. तीच चिप असलेल्या दुसऱ्या मॉडेलचे परीक्षण चालणार नाही.

बॅटरीवर तीच चाचणी एकदा लावा. काही लॅपटॉप चार्जर काढताच निम्म्यावर येतात.

जुने सल्ले तारीख पाहूनच वाचावेत. सामान्य डेस्कटॉपसाठी इंटेलची मजल कित्येक वर्षे चार कोरांवर थांबली होती. मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ कोरांचा रायझन ७ आणला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलला सहा कोरांचा आय७-८७००के बाजारात आणावा लागला. चुरस इतक्या वेगाने पालटते, की तीन वर्षांपूर्वीचा उत्तम सल्ला आज नुकसान करू शकतो.

शेवटी किंमतीला दहा मिनिटांच्या चाचणीच्या गुणांनी भागावे आणि ज्याचे उत्तर लहान येईल तो लॅपटॉप घ्यावा. उत्तरे जवळपास सारखी आली, तर ज्यात रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे आणि ज्याचे सेवा केंद्र तुमच्या गावात आहे, तो निवडावा.