हेडलाइट पिवळट पडतोय? बल्ब नको, आधी व्होल्ट मोजा

३५० सीसीची जुनी गाडी, एच४ बल्ब (अप्पर म्हणजे लांबचा झोत आणि डिपर म्हणजे खालचा झोत, दोन्ही एकाच बल्बमध्ये) ६०/५५ वॉटचा. अक्कलकोट रोडने रात्री सोलापूरला परतताना उजेड इतका पिवळट की मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसली. त्या रात्री हात थरथरत होते.

आधी एलईडी बल्ब टाकला. रिफ्लेक्टर हॅलोजनसाठीचा, त्यामुळे उजेड विखुरला आणि समोरच्याचे डोळे दिपू लागले. मग १००/९० वॉटचा लावला, तर होल्डरच वितळला.

शेवटी मल्टिमीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.६ व्होल्ट, बल्बच्या पिनांवर फक्त ११.१. सगळा करंट बारीक वायर आणि जुन्या स्विचमधून जात होता, व्होल्ट तिथेच गळत होते.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. दोन चार-पिनी रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) घेतले, एक डिपरला, एक अप्परला. रिलेच्या पिनांवर नंबर असतात. जुन्या होल्डरची डिपरची वायर पहिल्याच्या ८६ नंबरच्या पिनला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला. दोन्ही ८५ चेसिसला, रंग खरवडून. बॅटरी पॉझिटिव्हपासून १५ अँपिअरचा फ्यूज, बॅटरीजवळच, आणि तिथून २.५ चौरस मिमीची वायर दोन्ही ३० ला. दोन्ही ८७ मधून नव्या सिरॅमिक होल्डरच्या डिपर आणि अप्परच्या वायरींना. होल्डरचं अर्थिंग थेट बॅटरी निगेटिव्हला. ही गोष्ट लोक विसरतात. बल्ब परत ६०/५५ चाच.

आता पिनांवर १३.३ व्होल्ट.

मग गाडीवर बसून, भिंतीपासून ५ मीटरवर, डिपरच्या उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली बसवली.